मटण हलाल आहे, पण बोकड आला कुठून?

आखातात कामाला गेलेला एखादा नातेवाईक नाही, असं घर आपल्या गोखिवरे-वसई पट्ट्यात शोधावंच लागेल. शारजा, दोहा, कुवेत ही नावं आपल्या मुलांना नागपूर-सोलापूरच्या आधी पाठ होतात. तिथल्या दुकानात भारतातून आलेलं पाकिटबंद मटण मिळतं. पाकिटावर कत्तलखान्याचा नोंदणी क्रमांक असतो, जनावर कापल्याची तारीख असते, माल कधीपर्यंत चालेल ते असतं आणि हलालचा शिक्का असतो. इथे गोखिवरे नाक्यावर आपण सकाळी किलोभर मटण घेतो, तेव्हा यातलं काहीच नसतं. असतो तो दुकानदारावरचा भरवसा. तोही आपल्या ओळखीचा, आपल्यातलाच, म्हणून आपण जास्त विचारत नाही.

ही तुलना सुचायचं कारण म्हणजे केंद्र सरकारचा एक नियम. १६ ऑक्टोबर २०२४ पासून भारतातून पंधरा देशांना ‘हलाल’ म्हणून मांस पाठवायचं असेल, तर प्रमाणपत्र सरकारमान्य व्यवस्थेतूनच यावं लागतं. सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिरात, कतार, कुवेत, ओमान, बहरीन, मलेशिया, इंडोनेशिया, बांगलादेश वगैरे देश त्या यादीत आहेत. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला आधी स्वतःची तपासणी करून घेऊन मान्यता मिळवावी लागते. पूर्वी ही प्रमाणपत्रं आपल्याच धार्मिक संस्था आपापल्या पद्धतीने देत होत्या. आता त्यांच्यावरही एक तपासनीस बसला. यावर आपल्याकडे दोन बाजूंनी बोललं गेलं. काहींना हा सरकारी हस्तक्षेप वाटला, काहींना वाटलं बरं झालं, बोगस शिक्क्यांना चाप बसेल. आमचं मत दुसऱ्या बाजूला झुकतं. पण या वादात एक गोष्ट सुटून गेली. शिक्का खासगी असो की सरकारी, त्याचा सगळा भर कत्तलखान्याच्या दाराच्या आत काय होतं यावर आहे. दारापर्यंत ते जनावर कुठून, कसं आणि कोणत्या अवस्थेत पोचलं, हे सांगणारा कागद जवळपास नसतोच.

आणि बाहेरचा बाजार आता नेमका तोच कागद मागायला लागलाय.

आधी आकडे बघू. २०२२-२३ मध्ये देशातून सुमारे ९,५९२ टन शेळी-मेंढीचं मांस निर्यात झालं, किंमत साधारण ५३७ कोटी रुपये. गिऱ्हाईक मुख्यतः आखाती देश आणि मालदीव. त्याच वर्षी म्हशीच्या मांसाची निर्यात २५ हजार कोटींच्या पुढे होती. देशात एकूण मांस ९७ लाख टनांच्या वर तयार झालं आणि त्यातलं साधारण पाव शेळी-मेंढीचं. म्हणजे हिशेब केला तर शेळी-मेंढीच्या शंभर किलो मटणातलं अर्धा किलोही बाहेर जात नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशात ७ कोटी ४२ लाख मेंढ्या आणि जवळपास १४ कोटी ८९ लाख शेळ्या मोजल्या गेल्या. इतकी जनावरं, समुद्रापलीकडे इतकं मोठं गिऱ्हाईक, आणि तरी निर्यात एवढीशी. घरचं मटण घरातच खपतं आणि इथला भाव चढा आहे, हे एक कारण. पण दुसरं कारण जास्त टोचणारं आहे. आपलं जनावर निरोगी आहे, त्याला कोणतं औषध कधी दिलं, ते कोणत्या कळपातलं, हे आपण लिहून दाखवू शकत नाही.

आपल्याच राज्यातला एक प्रसंग या संदर्भात आठवण्यासारखा आहे. जून २०१८ मध्ये नागपूरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून सुमारे दोन हजार शेळ्या-मेंढ्या विमानाने शारजाला पाठवायचं ठरलं होतं. तारीख ३० जून. त्यामागे तेव्हाचे राज्यसभा खासदार डॉ. विकास महात्मे होते, नितीन गडकरींचा पाठिंबा होता. म्हणणं सरळ होतं: विदर्भातल्या धनगर मेंढपाळाला दलालाच्या भावाऐवजी आखाताचा भाव मिळेल. कार्यक्रमाच्या तोंडावर जैन समाजाच्या संघटनांनी जोरदार विरोध केला आणि विमान उडालंच नाही. बेमुदत पुढे ढकललं म्हणाले, ते आजपर्यंत पुढेच आहे. नाशिकजवळच्या ओझर विमानतळावरून त्याच काळात जिवंत मेंढ्या-बकऱ्या शारजाला जात होत्या, त्यावर मात्र फारशी चर्चा झाली नाही. गुजरातने २०१८ च्या डिसेंबरात कच्छच्या तुणा बंदरातून होणारी जिवंत जनावरांची निर्यात थांबवली. जून २०२३ मध्ये केंद्राने जिवंत पशुधनाच्या आयात-निर्यातीच्या कायद्याचा मसुदा लोकांपुढे ठेवला आणि विरोध झाल्यावर दोनच आठवड्यांत मागे घेतला.

आपल्याकडे या बातम्या वाचल्या की पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: हे सगळं आपल्या खाण्यावर आहे. काही प्रमाणात ते खरंही असेल. पण नागपूरच्या प्रकरणात नुकसान झालं ते धनगर मेंढपाळाचं, हे विसरू नका. आणि विरोध करणाऱ्यांचा हेतू काहीही असो, त्यांनी विचारलेला एक प्रश्न चुकीचा नव्हता. जिवंत जनावर इतक्या लांब नेताना त्याचे हाल होतात का? या प्रश्नाला निर्यातीच्या बाजूने कोणी नीट, कागदावर दाखवता येईल असं उत्तर दिलं नाही. उत्तर असतं, तर कदाचित चित्र वेगळं दिसलं असतं.

ज्यांनी हे उत्तर द्यायचा प्रयत्न केला त्यांची गोष्ट बघा. ऑस्ट्रेलिया अनेक वर्षं बोटी भरभरून मेंढ्या आखातात पाठवत आला. २०११ मध्ये इंडोनेशियातल्या कत्तलखान्यांत ऑस्ट्रेलियन गुरांशी होणाऱ्या क्रूर वागणुकीची चित्रफीत तिथल्या टीव्हीवर आली. देश हादरला. त्यानंतर त्यांनी नियम केला की निर्यातदाराने जनावर बोटीत चढवून हात झटकायचे नाहीत. परदेशात ते उतरवणं, ठेवणं, कापणं या प्रत्येक टप्प्याचा हिशेब त्यानेच द्यायचा. तरीही ऑगस्ट २०१७ मध्ये ‘अवासी एक्स्प्रेस’ नावाच्या बोटीवर आखाताच्या वाटेवर उष्म्याने सुमारे २,४०० मेंढ्या मेल्या. बोटीवरच्याच एकाने काढलेली दृश्यं २०१८ मध्ये बाहेर आली. शेवटी २०२४ मध्ये तिथल्या संसदेने कायदाच केला: १ मे २०२८ पासून समुद्रमार्गे जिवंत मेंढ्यांची निर्यात बंद. न्यूझीलंडने तर जिवंत जनावरांची सागरी निर्यात एप्रिल २०२३ अखेर थांबवली. तिकडे जून २०२२ मध्ये सुदानच्या सुआकिन बंदरात सौदीला निघालेलं एक जहाज पंधरा हजारांवर मेंढ्यांसह बुडालं. क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त जनावरं भरली होती.

यातून दिसणारी दिशा अशी की जग हळूहळू जिवंत जनावराकडून कापलेल्या, थंड केलेल्या मांसाकडे चाललंय. आणि मांसाच्या व्यापारात भाव ठरतो तो मागच्या कागदावर. ऑस्ट्रेलियात १ जानेवारी २०२५ पासून जन्मणाऱ्या प्रत्येक कोकराच्या कानात इलेक्ट्रॉनिक बिल्ला लागतो. कळप कुठला, विकलं कधी, कोणत्या वाटेने गेलं, हे यंत्र कानाजवळ नेलं की कळतं. दुबईच्या दुकानदाराला त्या मुलखातल्या मटणाबद्दल शंका आली, तर तो शेतापर्यंत मागे जाऊ शकतो. आपल्या मटणाबाबत तो कत्तलखान्यापर्यंत जातो आणि तिथे वाट संपते.

महाराष्ट्राला हे जमणार नाही असं कोणी म्हणत असेल तर त्याने नाशिकच्या द्राक्षांकडे बघावं. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांसाठी ‘अपेडा’ने २००६ च्या सुमारास ‘ग्रेपनेट’ सुरू केलं. बागेची नोंदणी, फवारणीची नोंदवही, प्रयोगशाळेचा अहवाल, आणि पेटीवरच्या क्रमांकावरून थेट बागेपर्यंत माग. २०१० मध्ये एका वाढसंप्रेरकाचा अंश सापडला म्हणून युरोपात आपली द्राक्षं अडली, बागायतदारांचं प्रचंड नुकसान झालं. पण माग काढायची व्यवस्था होती म्हणून चूक कुठे आहे ते शोधता आलं आणि पुढच्या हंगामांत माल पुन्हा गेला. निफाड-दिंडोरीचा दहावी शिकलेला शेतकरी फवारणीची तारीख वहीत लिहितो. मग मेंढपाळाच्या कळपाची वही का नसावी?

याचं उत्तर सोपं नाही, हेही मान्य करायला हवं. द्राक्षबाग जागेवर असते, मेंढरं चालतात. सातारा, पुणे, नगरकडचे मेंढपाळ पावसाळा संपला की घाट उतरून कोकणात येतात, शेतकऱ्याच्या रानात मेंढरं बसवतात, त्याबदल्यात धान्य किंवा पैसे घेतात आणि पाऊस तोंडावर आला की परत वर चढतात. दख्खनी मेंढी या चालण्यावरच टिकलीय. वाटेत इंजेक्शन लागलं तर जो डॉक्टर भेटेल तो देतो. नसेल भेटत तर मेंढपाळ स्वतःच देतो. अशा माणसाला तुम्ही ‘नोंदवही दाखव’ म्हणालात तर तो हसेल. शिवाय त्याला मिळतं काय? लोणंद, आटपाडी, चाकणच्या आठवडी बाजारात मेंढरू बहुतेक वेळा नगावर, नजरेच्या अंदाजाने विकलं जातं. लस टोचलेल्या मेंढराला आणि न टोचलेल्या मेंढराला भाव सारखाच. मग वही ठेवायची कोणासाठी?

सरकारी व्यवस्था मात्र कागदावर तयार आहे. जनावराच्या कानात बारा अंकांचा पिवळा बिल्ला, ज्याला ‘पशू आधार’ म्हणतात, आणि त्या क्रमांकावर लसीकरण, मालक, खरेदी-विक्रीच्या ऑनलाइन नोंदी. २०२४ मध्ये राज्याच्या पशुसंवर्धन विभागाने बिल्ल्याशिवाय जनावरांची खरेदी-विक्री आणि वाहतूक करता येणार नाही, अशी भूमिका घेतली. लाळ-खुरकत रोगाच्या राष्ट्रीय मोहिमेत २०१९ पासून शेळ्या-मेंढ्यांचाही समावेश आहे. पीपीआर, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांची बुळकांडी, या रोगावरची लस तर आपल्याच शास्त्रज्ञांनी मुक्तेश्वरच्या संस्थेत तयार केलीय. एकदा टोचली की साधारण तीन वर्षं निभावते. हा रोग २०३० पर्यंत जगातून घालवायचं उद्दिष्ट आहे. जो देश या रोगांतून मुक्त नाही, त्याच्या मांसावर श्रीमंत देश दरवाजे बंद ठेवतात. म्हणजे जतच्या माळावर माडग्याळ मेंढीला टोचलेली सुई आणि दुबईतला भाव यांचा थेट संबंध आहे. पण ईदच्या आधी आपल्या भागात हायवेलगत जे बकरे विकायला येतात, त्यांच्या कानात हा पिवळा बिल्ला तुम्ही किती वेळा पाहिलात? आम्हाला तर शोधावा लागतो. कपाळावरच्या डागात चंद्र दिसतो म्हणून लाखाला विकला जाणारा बकरा मात्र दरवर्षी न शोधता सापडतो.

आता या हायवेबद्दल जरा जास्त बोलायला हवं, कारण हा भाग आपल्या डोळ्यांसमोर घडतो.

मुंबई-अहमदाबाद महामार्ग आपल्या गोखिवऱ्याच्या पूर्वेकडून जातो. राजस्थान आणि गुजरातमधून देवनारच्या बाजाराकडे निघालेले बकऱ्यांचे ट्रक याच रस्त्याने पेल्हार, वसई फाटा, सातिवली करत वर्सोवा पुलाकडे जातात. ईदच्या आधीच्या पंधरवड्यात देवनारला लाखाच्या वर जनावरं उतरतात. सातशे ते हजार किलोमीटरचा प्रवास, काही ट्रक दुमजली केलेले, आणि शेवटच्या टप्प्यात खाडीच्या पुलाआधीची ती कोंडी, जिचा अनुभव आपल्या प्रत्येकाला आहे. आपण रिक्षात बसून घामाघूम होतो, त्या ट्रकमधल्या जनावराचं काय होत असेल?

या प्रवासासाठी कायदा आहे. १९७८ चे प्राणी वाहतूक नियम सांगतात की साडेचार-पाच टनी ट्रकमध्ये चाळीसपेक्षा जास्त शेळ्या-मेंढ्या भरायच्या नाहीत. खाली पेंढ्याचा किमान पाच सेंटिमीटर थर हवा. नर आणि माद्या एका कप्प्यात नकोत. जनावर प्रवासाला लायक आहे असं पशुवैद्यकाचं प्रमाणपत्र सोबत हवं. ‘चाळीस’ हा आकडा कुठल्याही ट्रकवाल्याला सांगून बघा. भाडं परवडत नाही, असंच उत्तर मिळेल, आणि त्याच्या बाजूने ते खरंही आहे. चाळीसच्या जागी ऐंशी भरले की माणशी खर्च निम्मा होतो, दोन-तीन मेले तरी हिशेब बसतो. तो हिशेब कमी भावाच्या रूपाने आपल्यापर्यंत पोचतो आणि आपण खूश होतो.

इथे विज्ञानाचा एक छोटा धडा. जनावराच्या स्नायूंत ग्लायकोजेन नावाची साठवलेली साखर असते. जनावर शांत, विश्रांती घेतलेलं असेल तर कापल्यानंतर त्या साखरेचं आम्ल होतं आणि मांसाचा पीएच सातवरून साधारण साडेपाचपर्यंत उतरतो. त्यामुळे मांस मऊ होतं, रंग चांगला राहतो आणि ते टिकतं. जनावर भुकेलं, घाबरलेलं, वीस-वीस तास उभं असेल तर ती साखर आधीच संपलेली असते. पीएच सहाच्या वर राहतो, मांस काळपट, चिवट होतं आणि लवकर खराब होतं. म्हणूनच निर्यातीच्या मोठ्या कत्तलखान्यांत जनावराला विश्रांती, पाणी देऊनच पुढे नेतात. कोणाला दया येते म्हणून नाही, माल परत येऊ नये म्हणून. जनावराचं भलं आणि मांसाची प्रत या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत.

आपल्याला तर हे चौदाशे वर्षांपूर्वी सांगितलं गेलंय. सुरी धारदार ठेवा, जनावरासमोर धार लावू नका, एकासमोर दुसऱ्याला कापू नका, त्याला ओढत नेऊ नका, हे मदरशातल्या सात वर्षांच्या पोरालाही ठाऊक असतं. गंमत म्हणजे २००१ चे केंद्राचे कत्तलखाना नियम वाचले तर तिथेही हेच सापडतं: दुसऱ्या जनावराच्या नजरेसमोर कापायचं नाही, गाभण मादी आणि तीन महिन्यांखालचं पिल्लू कापायचं नाही, आधी विश्रांती द्यायची, पशुवैद्यकाने तपासायचं. त्यात एक फार महत्त्वाचा आकडा आहे. एका डॉक्टरने तासाला बारापेक्षा जास्त आणि दिवसाला शहाण्णवपेक्षा जास्त जनावरं तपासायची नाहीत. वसई-विरारमध्ये रविवारी सकाळी किती बकरे कापले जात असतील याचा मनाशी अंदाज करा आणि त्याला शहाण्णवने भागून बघा, किती डॉक्टर लागतील ते. मुलांना हे गणित घातलं तर मुलंच विचारतील, “सर, मग तपासतं कोण?”

कुरआनात खाण्याबद्दल बोलताना ‘हलाल’सोबत ‘तय्यब’ हा शब्द येतो. तय्यब म्हणजे शुद्ध, चांगलं, निर्मळ. आपण पहिल्या शब्दासाठी भांडतो, संस्था काढतो, शिक्के छापतो. दुसरा शब्द मौलाना साहेबांच्या बयानात येतो आणि तिथेच राहतो. वजन वाढावं म्हणून विकण्याआधी मिठाचं पाणी पाजलेला बकरा, काल इंजेक्शन टोचून आज बाजारात आणलेला बकरा, ट्रकमध्ये पाय मोडलेला बकरा, यांच्या मानेवर बिस्मिल्लाह म्हणून सुरी फिरवली तर जबह दुरुस्त होईलही. फतवा देणं आमचं काम नाही, ते उलेमांनी सांगावं. पण इंजेक्शनमधलं औषध जनावराच्या शरीरातून जायला ठरावीक दिवस लागतात. तेवढे दिवस थांबलं नाही तर ते औषध आपल्या मुलांच्या पोटात जातं. हे सांगायला फतवा लागत नाही. कुवेतला जाणारा माल या अंशासाठी तपासला जातो. नाक्यावरचा नाही.

मार्च २०२५ मध्ये मंत्री नितेश राणे यांनी ‘मल्हार सर्टिफिकेट’ आणलं. हिंदू दुकानदारांकडून झटका मटण, असा तो प्रकार. त्यावर आपल्याकडे भरपूर राग व्यक्त झाला, जेजुरीतूनही नावाबद्दल नाराजी आली. त्या सगळ्या गदारोळात बोललं गेलं ते दुकानदार कोण आणि मान कशी कापली यावर. ज्या धनगराच्या दैवताचं नाव वापरलं, त्याच्या कळपाला लस मिळाली का, त्याला किलोला किती पैसे मिळाले, हा विषय कोणी काढला नाही. त्यांनी काढला नाही, आपणही नाही. मटणाचं राजकारण दोन्हीकडून सुरीपासून सुरू होतं. जनावराचं आयुष्य त्याआधीचं आहे आणि तिथे धनगर, वडार, कुरैशी, ट्रकवाला सरदारजी, सगळेच गुंतलेले आहेत.

कागदाचा आणखी एक उपयोग आहे, आणि तो आपल्या लोकांच्या थेट जिवाशी निगडित आहे. २०२५ च्या पावसाळ्यात राज्यभरातल्या कुरैशी व्यापाऱ्यांनी जनावरांची खरेदी-विक्री बंद ठेवली. रस्त्यात गाड्या अडवणं, मारहाण, जनावरं काढून घेणं याला ते कंटाळले होते. बाजार ओस पडले, तेव्हा शेतकऱ्यांच्या संघटनाही बोलायला लागल्या, कारण भाकड म्हैस विकायची कुठे हा प्रश्न त्यांच्या दारात आला. तो विषय मोठ्या जनावरांचा होता, शेळ्या-मेंढ्यांचा नाही, हे खरं. पण ट्रक अडवणारा आत काय आहे हे नंतर बघतो. अशा वेळी प्रत्येक जनावराचा क्रमांक, पशुवैद्यकाचं प्रमाणपत्र, नियमात बसणारी संख्या आणि बाजार समितीची पावती हातात असेल, तर निदान ठाण्यात आणि कोर्टात उभं राहायला जमीन मिळते. कागद असूनही मार खाल्लेली माणसं आहेत, हे कबूल. पण चाळीसच्या जागी ऐंशी भरलेले असतील, तर आपल्या बाजूचा वकीलही आधी डोक्याला हात लावतो. अन्याय करणाऱ्याच्या हातात आपणच काठी द्यायची, हे कुठलं शहाणपण?

मग करायचं काय? निर्यातीचे मोठे निर्णय दिल्लीत होतात, तिथे आपलं फारसं चालत नाही. पण एका बाजारात आपण सगळ्यात मोठे गिऱ्हाईक आहोत: बकरी ईदचा बाजार. सगळं वर्षभर मटणाचा भाव बाकीचे ठरवत असतील, त्या पंधरवड्यात आपण ठरवतो. आपण बकऱ्याचं तोंड उघडून दात मोजतो, ‘दोन दाती आहे ना’ विचारतो, शिंग, कान, पाय तपासतो. कारण कुर्बानीला बकरा वर्षाचा आणि ऐबमुक्त हवा, ही अट आपण मनापासून पाळतो. त्याच तोंडाने आणखी दोन प्रश्न विचारता येतात. कानात बिल्ला आहे का, आणि शेवटचं औषध कधी दिलं? पहिल्या वर्षी विकणारा चिडेल. दुसऱ्या वर्षी, दहातले चार गिऱ्हाईक हेच विचारतात म्हटल्यावर, तो आपल्या अडत्याला विचारेल, अडत्या मेंढपाळाला. बिल्लेवाल्या बकऱ्याला पाचशे रुपये जास्त मोजायची आपली तयारी हवी. ते पाचशे खालपर्यंत पोचले तरच वही लिहिली जाईल. फुकटात कोणी लिहिणार नाही, आणि लिहावी अशी अपेक्षा करणं हा मेंढपाळावर अन्याय होईल.

सामुदायिक कुर्बानी करणाऱ्या संस्थांना हे आणखी सोपं आहे. एकेक संस्था शंभर-दोनशे हिस्से घेते, जनावरं ठोकीने विकत घेते. त्यांनी दोन महिने आधी एखाद्या मेंढपाळ गटाशी किंवा पुण्यातल्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाशी बोलावं. फलटणच्या निंबकर संस्थेने जुळी कोकरं देणारी ‘नारी सुवर्णा’ मेंढी तयार केली, तिच्या पैदाशीच्या नोंदी वर्षानुवर्षं ठेवल्या. म्हणजे नोंदी ठेवणारी माणसं आपल्याच राज्यात आहेत, लांब जायला नको. राजस्थानातून हजार किलोमीटर आणण्याऐवजी उस्मानाबादी किंवा संगमनेरी बकरा दोनशे-चारशे किलोमीटरवरून आला तर वाटेतले हालही कमी आणि मरतुकही कमी. दिसायला तो सिरोहीसारखा उंचपुरा नसतो, हे खरं. फोटो थोडा कमी भारी येईल.

आणि एक काम गोखिवऱ्याचं. ईदच्या आधी दहा दिवस हायवेलगत ट्रक उतरतात ती जागा दरवर्षी बदलते, ना सावली, ना पाणी. मे-जूनच्या उन्हात जनावरं डांबरावर बांधलेली असतात. गेल्या काही आठवड्यांत मोहल्ल्यातल्या पाच-सहा जणांनी बसून महापालिकेसाठी एक अर्ज लिहिलाय. त्यात एक ठरलेली जागा, पाण्याची टाकी, मंडप, दिवसभर एक पशुवैद्यक आणि उतरवायला लाकडी उतार, एवढंच मागितलंय. अर्जासोबत १९७८ आणि २००१ च्या नियमांच्या मराठी प्रती जोडल्यात, उर्दूतला सारांश मशिदीच्या फलकावर लावणार आहोत. सह्यांसाठी तो अर्ज येत्या जुम्याला नमाजनंतर बाहेरच्या टेबलावर ठेवलेला असेल. बकरे विकणाऱ्यांनीही सही करावी, अशी आमची विनंती आहे.